घसाऱ्याचे रंग

घसारा हा शब्द व्यापारी घराला नवा नाही. मार्चअखेर जवळ आली की इमारत, यंत्रे, फर्निचर, वाहने यांच्या किमतीतून ठरलेला हिस्सा वजा होतो आणि ताळेबंदातील आकडा एक पायरी खाली उतरतो. आयकराच्या नियमांनुसार दुकान-कारखान्याच्या इमारतीला दरसाल १० टक्के, राहत्या इमारतीला ५ टक्के आणि यंत्रसामग्रीला सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा मिळतो. जहाजांच्या गटाला २० टक्के दर आहे, आणि त्या गटात लाकडी सांगाड्याच्या मासेमारी नौकांचा नावानिशी उल्लेख आहे. घटत्या शिलकेच्या पद्धतीने हिशेब केला, तर १०० रुपयांची कारखान्याची इमारत २० वर्षांनी सुमारे १२ रुपयांची उरते आणि १०० रुपयांची होडी १० वर्षांतच पावणेअकरा रुपयांवर येते. या पद्धतीत आकडा कितीही लहान झाला तरी शून्य मात्र कधीच होत नाही. हिशेबनिसाला ती केवळ गणिताची सोय वाटते.

ताळेबंदात ज्यांचा आकडा असा झिजत जातो, नेमक्या त्याच दोन वस्तू चित्रकारांना गेली दोन-अडीचशे वर्षे खुणावत आल्या आहेत : सोडून दिलेली इमारत आणि उन्हापावसाने खाल्लेली जुनी होडी. नव्या बंगल्याचे चित्र क्वचितच कोणी काढतो. पडक्या वाड्याचे चित्र मात्र प्रत्येक चित्रप्रदर्शनात असते. व्यापाऱ्याला जिथे नुकसान दिसते, तिथे चित्रकाराला काय दिसते, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांनी एकदा तरी स्वतःला विचारावा असा आहे. त्यांच्याच जुन्या पेढ्या, वखारी आणि गाळे आज या चित्रांचे विषय होऊ लागले आहेत.

प्रश्न विचारण्यासाठी कासारवाडीसारखी दुसरी जागा नाही. एका बाजूला १८५८ साली सुरू झालेला खंडाळा-पुणे रेल्वेमार्ग, त्याला समांतर मुंबई-पुणे रस्ता, आणि थोड्या अंतरावर पवना नदी. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत या मार्गाच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची रांग उभी राहिली. १९७० साली नगरपालिका आली, १९८२ साली महानगरपालिका. ६ मार्च २०२२ पासून डोक्यावरून मेट्रो धावते. रस्त्यावरून चालणाऱ्याला फक्त भिंती आणि फाटके दिसत असत. उंचावरून जाणाऱ्या मेट्रोच्या खिडकीतून या औद्योगिक पट्ट्याची छपरे दिसू लागली. नव्या मनोऱ्यांच्या मधोमध गंजलेले पत्रे, फुटकी तावदाने, भिंतीतून उगवलेला पिंपळ असे तुकडे राहिलेले आहेत. पहिल्या पिढीचे कारखाने साठीला आले. काही चाकणला गेले, काही बंद पडले, काहींची जमीन निवासी वापरासाठी रूपांतरित झाली.

या इमारतींची अडचण अशी की त्या जुन्या आहेत, पण प्राचीन नाहीत. पाचशे वर्षांच्या मंदिराला पुरातत्त्व खाते असते, विश्वस्त असतात, श्रद्धा असते. साठ वर्षांच्या शेडला कोणीच नसते. ज्याला तिचे चित्र काढावयाचे आहे त्याच्या हाती फार वर्षे नाहीत.

अशा शेडकडे नीट पाहिले तर एक मौज लक्षात येते. अनेक जुन्या कारखान्यांचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असते : एक उभी काचेची बाजू, एक तिरपी पत्र्याची, पुन्हा उभी, पुन्हा तिरपी. त्या उभ्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असतात. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर सारखाच शांत उजेड येतो, आणि यंत्रावर काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप पडत नाही. चित्रकार आपल्या चित्रशाळेसाठी पूर्वापार हाच उत्तरेचा उजेड निवडत आले आहेत. मिलिंग यंत्रासाठी बांधलेली शेड बंद पडल्यावर चित्रकाराला आपलीशी वाटते, त्यामागे हे एक साधे कारणही असावे.

महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ शोधायचा, तर कासारवाडीपासून दहा-बारा किलोमीटरवरील शनिवारवाड्यापर्यंत जावे लागते. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात सर चार्ल्स मॅलेट हे पुणे दरबारी इंग्रजांचे वकील होते. त्यांच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट नावाचा पुण्याचा चित्रकार काम करीत असे. १७९० साली त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले, ते आजही अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. पुढे मॅलेट यांच्यासाठी त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे आणि आराखडे तयार केले. ही लेणी तेव्हा शतकानुशतके फारशा देखभालीविना उभी होती. १७९२ साली पुण्यात आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्याबरोबरही गंगारामने काम केले. वेल्स १७९५ साली साष्टीत तापाने मरण पावला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने वेरूळची चित्रमालिका १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली, आणि तीत इंद्रसभा व जगन्नाथसभा या जैन लेण्यांचाही समावेश आहे. आपल्या तीर्थंकरांच्या मूर्ती असलेली ही लेणी युरोपने प्रथम पाहिली ती अशी, कागदावर.

कासारवाडीच्या नावातला कासार आणि गंगारामच्या आडनावातला तांबट हे दोन्ही शब्द भांड्यांच्या धंद्यातले. महाराष्ट्रातील दिगंबर जैनांमध्येही कासार समाज आहेच. तांब्या-पितळेचे काम करणाऱ्या घरात मापाला महत्त्व असते, आणि गंगारामच्या कामात ते दिसते. त्याने वेरूळचे केवळ देखावे काढले नाहीत. जमिनीचे नकाशे काढले, मापे घेतली. जे जितके होते तितकेच कागदावर उतरवण्याकडे त्याचा कल होता.

याच सुमारास युरोपात मात्र भग्नावशेषांची एक फॅशनच झाली होती. फ्रान्सचा चित्रकार ह्यूबेर रोबेर पडक्या वास्तूंसाठी इतका प्रसिद्ध झाला की १७९६ साली त्याने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचे भव्य दालन छप्पर कोसळलेल्या अवस्थेत रंगवले. दालन तेव्हा चांगले धडधाकट होते, आणि रोबेर स्वतः त्या संग्रहालयाच्या व्यवस्थेत होता. इंग्लंडमध्ये तर श्रीमंत जमीनदार आपल्या बागेत नवेकोरे पडके किल्ले बांधून घेत. नवा माल जुना म्हणून खपवण्याचा हा प्रकार कोणत्याही सचोटीच्या दुकानदाराला पटणार नाही. आजही समाजमाध्यमांवर दिसणारी पडक्या घरांची पुष्कळशी चित्रे या जातीची असतात : दोन चमचे गंज, एक चमचा वेली, वर संध्याकाळचा केशरी उजेड. पाहणारा हळहळतो आणि पुढे जातो. ते घर कोणाचे, रिकामे का झाले, हे चित्रकारालाच ठाऊक नसते.

रिकामी इमारत म्हणजे कोणाची तरी मोडलेली बाजू असते. कारखान्याच्या दारावर बँकेची ताबा नोटीस चिकटवलेली असते. २००२ च्या कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेता येऊ लागला, तेव्हापासून असे कागद औद्योगिक वसाहतींत सर्रास दिसतात. चित्रात तो पांढरा चौकोन छान उठून दिसतो. गडद दाराच्या मध्यभागी डोळा नेमका तिथे जातो. पण त्या कागदामागे मालकाचे घर गहाण असते आणि कामगारांची देणी थकलेली असतात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने अवसायनात कामगारांच्या आधीच्या २४ महिन्यांच्या देण्यांना तारणधारक बँकांच्या बरोबरीचे स्थान दिले. तोपर्यंत आणि त्यानंतरही फाटकाबाहेर बसलेली माणसे कोणत्या चित्रात आली, हे शोधावे लागेल.

ती ज्याच्या चित्रांत आली असा एक चित्रकार पुण्यातच जन्मला. डॉ. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ चा. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली पदवी घेऊन ते मुंबईला गेले आणि २००५ पर्यंत क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून ठाण्यात व्यवसाय करीत राहिले. दिवसा रुग्णांची हाडे पाहणाऱ्या या डॉक्टरांनी शहराची हाडेही पाहिली. गिरणगावातील संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांच्या नशिबी पुन्हा गिरणीचा भोंगा आला नाही. पटवर्धन यांच्या २००१ च्या 'लोअर परळ' या चित्रात बदलत्या गिरणगावाबरोबर तिथे राहणारी, ये-जा करणारी माणसेही आहेत. जुन्या इमारतीचे चित्र काढताना माणूस गाळायचा नाही, हा त्यांच्या कामाचा धडा पिंपरी-चिंचवडच्या हौशी चित्रकारांनी अवश्य घ्यावा. पुण्याचे जलरंगचित्रकार मिलिंद मुळीक यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तके अनेक घरांत आहेत. त्यांतून उजेड-सावली आणि रंगांची पारदर्शकता शिकता येते. विषय मात्र ज्याचा त्याने आपल्या गल्लीतून शोधायचा असतो.

होडी हा विषय कासारवाडीला तसा लांबचा. पण येथील चित्रकार मंडळी वहीची पिशवी घेऊन घाट उतरतात ती बहुधा कोकणच्या बंदरांकडेच. आणि होडीच्या बाबतीत त्यांच्याकडून एक चूक हटकून होते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या ६१ दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांनी किंवा प्लास्टिकच्या कापडाने झाकून ठेवतात. पुण्याहून गेलेल्याला त्या 'टाकून दिलेल्या' वाटतात. प्रत्यक्षात ती त्यांची सुट्टी असते. फटींत काथ्या-कापूस भरणे, तेल-रंग देणे ही डागडुजी बंदीचा काळ संपत आला की सुरू होते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत किनारा पुन्हा गजबजतो. खरोखर सोडलेली होडी वेगळी ओळखू येते. तिच्यावर इंजिन नसते, लोखंडी खिळे कोणी काढून नेलेले असतात, आणि पोटात वाळू भरलेली असते. फायबरच्या होड्या आल्यापासून अशा लाकडी होड्या वाढत चालल्या आहेत. सुट्टीवरच्या होडीला मृत म्हणून रंगवणे हे चालू खाते बुडीत दाखवण्यासारखे आहे.

जुन्या जहाजाशी जैन व्यापाऱ्याचा एक मोठा संबंध इतिहासात नोंदलेला आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिचे पहिले जहाज 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. हे जहाज नवे नव्हते. १८९० साली पाण्यात उतरलेले हे जहाज 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने कॅनडा आणि जपान-हाँगकाँगच्या दरम्यान धावले, पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते घेतले, आणि पहिल्या महायुद्धात ते रुग्णालय-जहाज झाले. वालचंदांनी घेतले तेव्हा त्याचे वय जवळजवळ तीस होते. २० टक्के घसाऱ्याच्या हिशेबाने त्याची पुस्तकी किंमत पैशांत मोजावी लागली असती. १९२३ साली ते मुंबईत मोडीत निघाले. स्वदेशी नौकानयनाची सुरुवात अशी एका उतारवयातल्या बोटीवर झाली. तिचे स्मरण आपण तारखेने करतो.

इंग्लंडने अशाच एका जहाजाचे स्मरण चित्राने केले. 'टेमेरेअर' ही ९८ तोफांची युद्धनौका १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत गाजली. १८३८ साली नौदलाने ती मोडीत काढली आणि जॉन बीटसन या व्यापाऱ्याने ५,५३० पौंडांना विकत घेतली. शिडांच्या त्या जुन्या नौकेला वाफेवरची बोट टेम्स नदीतून ओढत भंगाराच्या धक्क्याकडे नेत आहे, असे चित्र टर्नरने १८३९ साली प्रदर्शनात मांडले. ते विकण्यास त्याने नकार दिला आणि अखेर राष्ट्राला देऊन टाकले. फेब्रुवारी २०२० मध्ये निघालेल्या २० पौंडांच्या नोटेवर टर्नरच्या चेहऱ्यामागे हीच नौका छापलेली आहे. भंगारात गेलेल्या मालमत्तेने चलनी नोटेवर जागा मिळवावी, याहून वेगळी परतफेड कोणत्याही खतावणीत सापडणार नाही.

आता प्रामाणिकपणाच्या मुद्द्यावर टर्नरला पकडता येईल. प्रत्यक्षात त्या नौकेच्या डोलकाठ्या आधीच उतरवलेल्या होत्या, आणि ओढणाऱ्या बोटी दोन होत्या. टर्नरने डोलकाठ्या परत उभ्या केल्या आणि एक बोट वगळली. रोबेरला दोष द्यायचा आणि टर्नरला सोडायचे, हे कसे? फरक एवढाच की रोबेरने न घडलेला नाश दाखवला. टर्नरने घडत असलेला नाश दाखवताना जाणाऱ्याला त्याचा पोशाख परत दिला. घरातील वडीलधाऱ्यांना अखेरच्या प्रवासाला नेताना आपणही त्यांना चांगले वस्त्र नेसवतोच.

हाताने काम करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे तंत्र सांगणे योग्य होईल. होडी काढणे दिसते तितके सोपे नाही. तिच्यात सरळ रेषा जवळजवळ नसते. जुनी युक्ती अशी की इंग्रजी आठाचा आकडा आडवा, थोडा ताणून काढावा. एक घर मोठे, एक लहान. मोठ्या घराच्या कडेतून अलीकडचा काठ आणि लहान घरातून पुढची निमुळती नाळ आपोआप मिळते. इमारतीत याच्या उलट सगळ्या रेषा सरळ असतात आणि जुन्या इमारतीत त्या किंचित वाकलेल्या असतात. ते वाकणे अधिक दाखवण्याचा मोह आवरावा. खिडकीच्या आतला अंधार काळा नसतो. तो निळसर तपकिरी असतो आणि त्यात मागच्या दाराचा उजेडाचा ठिपका बहुधा असतोच. गंजासाठी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा हे दोनच रंग पुरेसे आहेत. ओल्या कागदावर एकमेकांत सोडले की पत्र्यावरून ओघळलेला गंज मिळतो, आणि खरखरीत कागदावर जवळजवळ कोरडा कुंचला ओढला की उडालेला रंग आणि खालचे लाकूड दिसू लागते. पांढरा रंग वापरू नये. कागदच कोरा राखावा.

साहित्याबाबत जैन घरांनी थोडी चौकशी केलेली बरी, कारण चित्रकलेच्या दुकानात हिंसा गुपचूप बसलेली असते. सेबल म्हणून विकले जाणारे उंची कुंचले मुंगुसासारख्याच एका लहान प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. आपल्याकडे खुद्द मुंगुसाच्या केसांचे कुंचले वर्षानुवर्षे विकले गेले. मुंगूस वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, हा व्यापार गुन्हा आहे, आणि २०१९ साली केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने त्यावर देशभर छापे घातले. काही महागड्या जलरंग-कागदांना जिलेटिनची खळ असते. काही परदेशी जलरंगांत मध असतो. कारमाइन हा लाल रंग किड्यांपासून, आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग जाळलेल्या हाडांपासून आणि मूळचा सेपिया समुद्री जिवाच्या शाईपासून येतो. यांतील प्रत्येकाला पर्याय आहे. कृत्रिम तंतूंचे कुंचले आता उत्तम मिळतात; काळा तर विकत घेण्याची गरजच नाही, कारण वर सांगितलेले गंजाचे दोन रंग दाट मिसळले की त्याहून जिवंत काळा तयार होतो. रंगाच्या नळीवर घटक लिहिलेले नसतील तर दुकानदाराला विचारावे, आणि त्याला माहीत नसेल तर कंपनीला पत्र लिहावे. ग्राहक विचारू लागला की मालाची यादी बदलते, हे या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको.

अहिंसेचा आणखी एक मुद्दा जागेवरचा. निर्जन इमारत निर्जीव नसते. घुबड, पारवे, वटवाघळे, मधमाश्या, कुत्रीची पिले यांनी ती भाड्याविना घेतलेली असते. चित्रासाठी जाळे झटकणे, पोळ्याखाली शेकोटी करणे, दार ढकलून आत शिरणे हे टाळावे. मालकाची किंवा पहारेकऱ्याची परवानगी घ्यावी, आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यांच्या छपरावर चढण्याचा विचारही करू नये. अनेक उत्तम चित्रे रस्त्याच्या पलीकडून काढलेली आहेत.

जैन दर्शनात या सगळ्याचा विचार फार पूर्वी होऊन गेला आहे. प्रत्येक सत् वस्तूत उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य एकाच वेळी असतात. लोखंड जाते, गंज येतो, पुद्गल राहते. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत सोन्याच्या घटाचा दृष्टान्त दिला आहे. घट मोडून मुकुट घडवला, तर घट हवा असणारा दुःखी होतो, मुकुट हवा असणारा आनंदतो, आणि ज्याला सोनेच हवे तो मध्यस्थ राहतो. कासारवाडीची बंद शेड पाडली जाते तेव्हा हे तिघेही तिथे हजर असतात. जिथे वडिलांनी आयुष्य काढले तो मुलगा, जिथे वीस मजले दिसतात तो विकासक, आणि चित्रकार. चित्रकार तिसरा, मध्यस्थ, असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. त्याचाही राग असतो, आणि तो मोडकेपणाशी जडलेला असतो. कोणी भिंतीला चुना दिला, तुटकी कौले बदलली, की त्याला चुकल्यासारखे होते. हे मात्र जैन समाजाला परवडणारे नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार हे पुण्यकार्य आहे. नवे मंदिर बांधण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जुने सावरण्याला महत्त्व आहे. जिथे दुरुस्ती शक्य आहे तिथे दुरुस्तीचा मान पहिला. चित्राला वेळ मिळावा म्हणून छप्पर गळते राहू देणे म्हणजे दुसऱ्याचे नुकसान आपल्या भांडवलात जमा करणे होय.

पण जिथे दुरुस्ती होणारच नाही, तिथे काय? स्थानाऐवजी चित्राचे दर्शन घेण्याची रीत श्वेतांबर परंपरेत रुजलेली आहे. कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना पालिताण्याला जाता येत नाही ते गावातच शत्रुंजयाच्या पटाचे दर्शन घेतात. कापडावर रंगवलेला डोंगर त्या दिवशी डोंगराचे काम करतो. तळेगाव, चाकण, खेड, घोडनदी, जुन्नर अशा गावांत व्यापारी कुटुंबांची जुनी घरे आहेत : पुढे गादी आणि तिजोरी, मागे वखार, माडीवर राहणे, देवघरात पार्श्वनाथ. वाटण्या झाल्या, मुले पिंपरी-चिंचवडला किंवा त्याहून दूर गेली, घराला कुलूप लागले. भाऊ-भाऊ एकमेकांकडे पाहत राहतात आणि वाशांना वाळवी लागते. शेवटी सही होते, पाडकामाचा दिवस ठरतो. त्या दिवशी मोबाइलवर चारशे छायाचित्रे निघतात आणि वर्षभरात फोनबरोबर जातात.

अशा घरासमोर दोन रविवार बसून कोणी चित्र काढले, तर काय हाती लागते ते प्रत्यक्ष पाहण्यासारखे असते. तीन-चार तास एकाच भिंतीकडे पाहिल्यावर उंबऱ्याचा मधला झिजलेला भाग दिसतो, तोलकाट्याच्या आकड्याचे तुळईवरचे घट्टे दिसतात, काकीच्या हळदीकुंकवाचा डाग दिसतो. शेजारचे म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहतात आणि दुष्काळात या वखारीतून धान्य कसे वाटले गेले, कोणाची उधारी कशी माफ झाली, कोणाची झाली नाही, हे सांगू लागतात. छायाचित्र काढणाऱ्याला ते सांगत नाहीत, कारण तो थांबत नाही. घरात चित्र काढणारी नात असेल, तर धंद्याला उपयोग नाही म्हणून तिच्या वहीकडे दुर्लक्ष करणाऱ्या कुटुंबांनी सही होण्यापूर्वी तिला त्या गावी पाठवावे, आणि ज्या दोन भावांचे पटत नाही त्यांनी निदान तिच्या शेजारी दोन खुर्च्या टाकून बसावे.

चित्रही टिकतेच असे नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या; जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत गेल्या. म्हणून चित्र आम्लरहित कागदावर काढावे, काचेखाली लावताना काच कागदाला टेकू देऊ नये, थेट उन्हात टांगू नये, आणि एक चांगली छपाई प्रत्येक भावाच्या घरी द्यावी. मूळ चित्र कोणाकडे राहील हे वाटणीपत्रात लिहिले तरी हरकत नाही. चित्राच्या मागे गाव, पेठ, घर कोणत्या दिशेने पाहिले, तारीख, वेळ आणि बांधणाऱ्या पूर्वजाचे नाव लिहावे. त्यासाठी पेन्सिल वापरावी. शाई ओलाव्याने कागदाच्या पुढच्या बाजूला उतरते.